गुळाची ढेप आणि सहा मोहऱ्यांचा डेटाबेस: सरांना आभाराचं पत्र

कोल्हापूर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. बुद्धिबळाच्या अंतिम टप्प्याचा डेटाबेस, म्हणजे पटावर मोजकीच मोहरी उरली की प्रत्येक स्थितीचा निकाल आकड्यात सांगणारा फायलींचा संच, कोणत्या पद्धतीनं दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवावा, हे तुम्ही आम्हाला नीट समजावून दिलंत. त्याबद्दल मनापासून आभार. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून हे पत्र सर्वांसाठी खुलं लिहितो आहोत.

अख्खी फाइल झिप केली की आकार छान दिसतो. पण इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला, मधलीच एक स्थिती हवी असते आणि तिच्यासाठी सुरुवातीपासून सगळं उलगडत यावं लागतं. चहापुरता गूळ हवा तर कुणी अख्खी ढेप फोडत नाही, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा फाइलचे छोटे तुकडे, म्हणजे ब्लॉक, करण्याचं कारण पटलं. प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र उलगडला पाहिजे आणि तो कुठे सुरू होतो याची यादी सोबत हवी. ब्लॉक मोठा केला तर जागा वाचते, शोध मंदावतो.

खरी बचत मात्र दाबण्याआधी होते, हे तुमच्याकडून कळलं. पट फिरवून, उलटवून सारख्याच ठरणाऱ्या स्थिती एकदाच धरल्या, की प्यादी नसताना दोन राजांच्या मांडण्या 462 उरतात. प्यादं असलं की फक्त डावं-उजवं उलटता येतं, म्हणून 1806. राजा-वजीर विरुद्ध राजा घेतलं तर 462 गुणिले 62, म्हणजे प्रत्येक बाजूच्या चालीसाठी 28,644 नोंदी. यातल्या अशक्य स्थितींना वेगळी खूण दिली, की सलग येणारे सारखे आकडे तुटतात आणि फाइल फुगते. तिथे शेजारचाच आकडा भरावा. ती नोंद कुणी विचारणार नाही. मोहरं मारून लगेच जिंकता येत असेल तिथेही सोयीचा आकडा चालतो. पण मग वाचणाऱ्या प्रोग्रामनं मारण्याच्या चाली आधी तपासल्याच पाहिजेत. ते राहिलं तर जिंकलेला डाव बरोबरीचा दिसतो आणि आळ कॉम्प्रेशनवर येतो!

रोनाल्ड डी मान यांच्या सिझिजी नावाच्या अशाच डेटाबेसमध्ये ही तयारी आधी होते. नोंदींत मोहऱ्यांचा कोणता क्रम चांगला दाबला जातो तेही तिथे आजमावलं जातं. मग सर्वांत जास्त वेळा शेजारी येणाऱ्या आकड्यांच्या जोडीला नवं चिन्ह, पुन्हा तेच, आणि शेवटी हफमन कोड, म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा कोड. सहा मोहऱ्यांपर्यंतचा संच सुमारे 150 जीबीत बसतो. नालिमोव्ह या दुसऱ्या डेटाबेसचा तेवढाच संच सुमारे 1.2 टीबी आहे, पण त्यात मात किती चालींत होते ते साठवलेलं असतं, त्यामुळे ही तुलना जपून करावी, हा तुमचा इशारा आम्ही लक्षात ठेवला आहे.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे जिंक-हार-बरोबरी सांगणाऱ्या डब्ल्यूडीएल फायली एसएसडीवर ठेवल्या आहेत, कारण इंजिन शोधताना त्याच सतत उघडतं. पुढचं मोहरं मारेपर्यंत किंवा प्यादं हलेपर्यंत किती चाली लागतील ते सांगणाऱ्या डीटीझेड फायली साध्या हार्ड डिस्कवर आहेत. उतरवलेल्या प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बिघडली नाही ना, हे तपासण्याचा आकडा) जुळवून मगच ती वापरात घेतो.

आपले ऋणी,
कोल्हापुरातले बुद्धिबळप्रेमी