संयुक्त राष्ट्रांत आपला हात वर का जात नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

परदेश धोरणावर तुमच्या पेपरात रोज काही ना काही येतं, पण एका गोष्टीवर कोणीच लिहीत नाही म्हणून मीच लिहून राहिले. गे-लेस्बियन लोकांच्या हक्कांचा विषय निघाला की आपला देश तटस्थ बसतो. २०१६ मध्ये जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत ठराव आला, या लोकांवर होणारी हिंसा आणि भेदभाव यावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा, २३ विरुद्ध १८ असा पास झाला, भारत तटस्थ. तेव्हा असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं प्रकरण आपल्याच सुप्रीम कोर्टात होतं, चला, समजून घेऊ. पण ६ सप्टेंबर २०१८ ला पाच जजेसनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं गुन्हा नाही, त्यानंतर त्याच तज्ज्ञाची मुदत वाढवायच्या ठरावावर २०१९ ला तटस्थ आणि २०२२ ला पण तटस्थ! आता कोणतं कारण उरलं? २०१५ ला तर संयुक्त राष्ट्रांच्या समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या सवलती काढून घ्यायचा ठराव रशियाने आणला होता, त्याला आपण चक्क पाठिंबा दिला. ८० विरुद्ध ४३ ने तो पडला, बरं झालं.

मला हे इतकं का लागतं ते सांगते. माझ्या बहिणीचा मुलगा जर्मनीत असतो, तिथे असं लग्न २०१७ पासून कायदेशीर आहे, त्याने केलं. मागच्या वर्षी बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून दोघं यायला निघाले तर तिथल्या आपल्या सरकारी खिडकीवर मॅरेज सर्टिफिकेट बघून परत सरकवलं, हे आमच्याकडे धरत नाही, टुरिस्ट म्हणून अर्ज करा. शेवटी भाच्याचा नवरा टुरिस्ट व्हिसावर आला. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ बहिणीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसायचा, "आई, अजून पाच मिनिटं" एवढं मराठी तेवढ्यात शिकला.

लग्नाचा कायदा वेगळा विषय आहे, कोर्टाने २०२३ मध्ये तो संसदेवर सोडला. पण कोणाला तुरुंगात टाकू नका, जिवे मारू नका, एवढं म्हणायला काय अडचण? युगांडाने २०२३ मध्ये कायदा केला, त्यात काही बाबतीत थेट मृत्युदंड आहे. अमेरिकेने व्हिसाबंदी केली, वर्ल्ड बँकेने नवीन कर्ज थांबवलं होतं. पण श्रीमंत देशांनी पैसा रोखला की तिथले पुढारी म्हणतात बघा हे गोऱ्यांचं फॅड, आणि राग निघतो तिथल्याच गरीब पोरापोरींवर, आफ्रिकेतले कार्यकर्ते हे २०११ पासून सांगून राहिले आहेत.

भारत बोलला तर तसं कोण म्हणेल? ३७७ इंग्रजांनी आपल्यावर १८६० मध्ये लादलं आणि मग तेच इतर वसाहतींत नेलं, पाकिस्तान, बांगलादेश, मलेशियात आजही कलमाचा नंबर ३७७ च आहे. आपण ते भोगलं आणि आपणच मोडलं. बोत्सवानाच्या हायकोर्टाने २०१९ मध्ये त्यांचा तसाच कायदा रद्द करताना आपल्या कोर्टाच्या निकालाचा आधार घेतला होता. म्हणजे आपला निकाल बोत्सवानात पोचला, आणि आपले राजदूत मात्र गप्प.

हा विषय आपल्याकडे बाहेरून आला असंही कोणी म्हणू नये. र. धों. कर्व्यांनी समाजस्वास्थ्य मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं, त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचा पण प्रश्न होता. दीक्षाभूमीच्या गावात राहून आपण हे विसरायचं का?

कोणाची मदत तोडा असं मी म्हणत नाही. मित्रदेशांशी बंद दाराआड बोला, आणि मतदान होईल तेव्हा हात वर करा. आणि साहेब, पुढच्या वेळी भारताने काय मत दिलं ते तुम्ही पहिल्या पानावर छापा, म्हणजे आम्हाला आमच्या खासदारांना विचारता येईल.

एक मावशी, प्रतापनगर, नागपूर