नाटक पडलं, तर ‘पडलं’ असंच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शंभर वर्षांपूर्वीच्या नाट्यपरीक्षणांवर आलेला लेख वाचला. न्यूयॉर्कचे तेव्हाचे पत्रकार नाटकाच्या यशापयशाबद्दल कसे चटपटीत शब्द वापरायचे, याची उदाहरणं त्यात छान दिली आहेत. पण ती भाषा आली कुठून, हे सांगायचं राहून गेलं. मला तेच महत्त्वाचं वाटतं, म्हणून हे पत्र.

त्यातले बरेच शब्द रुळवले ते ‘व्हरायटी’ या करमणुकीच्या धंद्याला वाहिलेल्या साप्ताहिकानं. ते काढणारे सिम सिल्व्हरमन आधी एका दैनिकात परीक्षणं लिहायचे. एक प्रयोग त्यांना आवडला नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. त्या कलाकारांनी दैनिकाला दिलेली जाहिरात काढून घेतली आणि सिल्व्हरमन यांची नोकरी गेली. मग सासऱ्यांकडून पैसे उसने घेऊन त्यांनी डिसेंबर 1905 मध्ये स्वतःचं साप्ताहिक सुरू केलं. जाहिरातदार रागावला तरी खरं लिहायचं, या हट्टातून ते उभं राहिलं. 1920 च्या दशकातली त्याची रोखठोक भाषा वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

नाटक ‘क्लिक’ झालं, ‘फ्लॉप’ झालं, हे आपण आज सहज बोलतो. टुकार नाटकाला तिकडे ‘टर्की’ म्हणायचे. रंगमंचावर एखाद्याचा पार फज्जा उडाला, की त्यानं ‘अंडं घातलं’. शेअर बाजार कोसळला तेव्हा, 30 ऑक्टोबर 1929 च्या अंकात, ‘व्हरायटी’नं ‘वॉल स्ट्रीटनं अंडं घातलं’ असाच मथळा दिला. नाटकवाल्यांचा शब्द, पण अख्ख्या देशाचं दिवाळं त्यात मावलं.

त्या शब्दांच्या मागे हिशोब होता. कोणत्या नाटकानं आठवड्याला किती डॉलरचा गल्ला जमवला, याचे अंदाज ‘व्हरायटी’ छापत असे. त्याहून मला आवडते ती त्यांची दुसरी रीत. दैनिकांच्या परीक्षकांचाही ते तक्ता मांडायचे : किती नाटकांबद्दलचा होरा बरोबर, किती चुकला आणि किती वेळा मतच दिलं नाही. हा तिसरा रकाना फार मोलाचा. ‘अभिनय उत्तम, संगीत बरं, प्रेक्षकांनी एकदा पाहायला हरकत नाही’ असं गुळमुळीत लिहिणारा त्यात बरोबर सापडायचा. आणि तेव्हा काम थोडं नव्हतं. 26 डिसेंबर 1927 या एका रात्री ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या भागात, 11 नवी नाटकं लागली!

परीक्षक चुकायचेही, आणि चांगले सपशेल चुकायचे. ज्यू मुलगा आणि आयरिश कॅथलिक मुलगी यांच्या लग्नाचं ‘एबीज आयरिश रोझ’ हे नाटक मे 1922 मध्ये आलं. बऱ्याच परीक्षकांनी ते धुऊन काढलं. लोकांनी मात्र ते असं डोक्यावर घेतलं, की 1927 पर्यंत 2,327 प्रयोग झाले. ‘लाइफ’ या तेव्हाच्या विनोदी साप्ताहिकात रॉबर्ट बेंचली यांना चालू नाटकांच्या यादीत त्याच्याबद्दल दर आठवड्याला एक ओळ लिहावी लागे. एकदा त्यांनी नुसतं ‘हिब्रू 13:8’ एवढंच छापलं. बायबल उघडावं तर वचन निघतं : येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. गल्ला वाढला म्हणून बेंचलींनी मत फिरवलं नाही, आणि मत वाईट म्हणून गल्ल्याचा आकडा कुणी लपवला नाही. वाचकाला दोन्ही मिळालं.

आपल्या भाषेत असे शब्द कमी आहेत का? नाटक उभं राहिलं, प्रयोग रंगला, लोकांनी उचलून धरलं, दुसरा अंक ढेपाळला, नाटक पडलं, आपटलं. आमचे आजोबा घरी परतल्यावर चप्पल काढता काढता एका शब्दात निकाल द्यायचे. आता छापून येतं ते एकच, ‘उदंड प्रतिसाद’.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका वर्तमानपत्रातलं कौतुकाचं परीक्षण वाचून मी 78 वर्षांच्या सासूबाईंना नाटकाला नेलं. चार तिकिटांचे दोन हजार रुपये झाले, येण्याजाण्याची रिक्षा वेगळी. जाहिरातीत ‘हाऊसफुल्ल’, आणि आमच्या मागच्या सहा रांगा रिकाम्या. नटांना वाक्यं आठवत नव्हती, विंगेतून सांगणाऱ्याचा आवाज आम्हाला आधी ऐकू येत होता. मध्यंतरात सासूबाईंनी विचारलं, “अगं, लिहिणाऱ्यानं हेच नाटक पाहिलं होतं का?” घरी येऊन अंक पुन्हा काढला. परीक्षणाच्या खालीच त्या नाटकाची पाव पान जाहिरात होती. मला त्याचं फार वाईट वाटलं. महिनोन्‌महिने तालीम करून चांगला प्रयोग उभा करणाऱ्यांनाही याच ‘उदंड प्रतिसादा’च्या रांगेत बसवलं जातं आणि त्यांच्या मेहनतीचं खरं कौतुक कुणाला दिसतच नाही.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. परीक्षण आणि त्याच नाटकाची जाहिरात एका पानावर नको. आणि येत्या मार्चअखेर, आपल्या परीक्षकांनी वर्षभरात कोणती नाटकं उचलून धरली, कोणती पाडली आणि त्यांचे पुढे किती प्रयोग झाले, याचा एक तक्ता छापा. मत न दिलेल्या नाटकांचा रकानाही त्यात असू द्या. चार बोटं जागा लागेल.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा