मूल किती हातांतून गेले, तेही मोजा: बालकल्याण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय बालकल्याण मंत्री,
सविनय नमस्कार.

शिशुगृहाला आपण भेट देता, तेव्हा तीन-चार वर्षांचे एखादे मूल धावत येऊन बिलगते, उचलून घ्या म्हणते. सोबतचे अधिकारी म्हणतात, "बघा, किती लाघवी!" फोटोही छान येतो. मी अशा मुलांची समुपदेशक आहे आणि हे दृश्य पाहिले की मला धास्ती वाटते. त्या वयाचे मूल परक्याला बुजते, आपल्या माणसाच्या मागे लपते. जे कोणाच्याही कडेवर जाते, त्याच्याजवळ 'आपले' म्हणावे इतका वेळ बहुधा कोणी टिकलेलेच नसते.

तेच मूल सहा-सात वर्षांचे झाले की शाळेच्या तक्रारी सुरू होतात: मारतो, चावतो, जागेवर बसत नाही. मग त्याची फाइल माझ्या टेबलावर येते. तिच्यात वजन असते, लसीकरण असते, लाल शाईत 'आक्रमक' असा शेराही असतो. आजवर त्याला किती जणांनी सांभाळले, याचा रकाना मात्र नसतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७०च्या दशकात जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. मुळात सगळी घरे हलाखीचीच. पण पहिल्या पाच वर्षांत ज्यांचे घर, पालकांचे काम, घरातली मोठी माणसे सारखी बदलत राहिली, ती मुले २३व्या वर्षी अधिक आक्रमक आणि गुन्ह्यांकडे अधिक झुकलेली आढळली. हीच उलथापालथ सहा ते सोळा या वयात झाली, तेव्हा तसा ठळक संबंध दिसला नाही.

याचे कारण गूढ नाही. तान्ह्या बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. कोणीतरी उचलते, थोपटते, तोच आवाज पुन्हा कानावर पडतो आणि हळूहळू त्याचे शरीर ताण उतरवायला शिकते. रोज हात नवे असतील तर ते कायम सावध राहायला शिकते. पुढे वर्गात मागच्याने बाक सरकवला तरी त्याला हल्लाच वाटतो आणि त्याचा हात आधी उठतो. याला आपण शिस्तीचा प्रश्न म्हणतो!

"मूल त्रास देते म्हणूनच कुठे टिकत नाही," असे आपल्या विभागातले लोक सांगतील. अर्धे खरे आहे. म्हणूनच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ज्या मुलांना एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागण्याची शक्यता मुळातच कमी होती, त्यांच्याकडे वेगळे पाहिले गेले. त्यांतली लवकर स्थिरावलेली २२ टक्के मुले वर्तनसमस्यांत सापडली. सतत हलवलेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते.

सुधारणाही होते. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००१च्या सुमारास अनाथालयांतल्या १३६ लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून कुटुंबांत ठेवले. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना माणसांशी घट्ट नाते जोडणे अधिक जमले. बाराव्या वर्षी पाहिले, तर ज्यांचे तेच कुटुंब टिकले त्यांची स्थिती कुटुंब बदललेल्यांहून चांगली होती. अर्थात सगळे भरून निघत नाही, आणि अस्थिर बालपण गेलेले प्रत्येक मूल बिघडतेच असेही नाही. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईला बोल लावायला तर हे पत्र कोणी वापरू नये. तिचे भाड्याचे घर टिकवणे हे मुलाला तिच्यापासून काढून संस्थेत ठेवण्यापेक्षा स्वस्तही पडते, असा माझा अंदाज आहे. आपल्या अर्थखात्याकडून तपासून घ्यावा.

शिशुगृहात तीन पाळ्यांत बाया बदलतात, ते टळणार नाही. पण प्रत्येक बाळाची एक ठरलेली बाई असू शकते: ती हजर असताना तिनेच त्याला भरवावे, झोपवावे, आणि तिची बदली वर्षाअखेरच्या सोयीने होऊ नये. मूल हलवायचेच असेल, तर नव्या घरच्यांनी आधी चार-सहा वेळा येऊन त्याच्याशी खेळावे. आज निर्णय आणि उद्या सकाळी गाडी, हे बंद व्हावे. आणि पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या फाइलीत तो रकाना यावा: सांभाळणारी व्यक्ती, कधीपासून कधीपर्यंत, बदलण्याचे कारण. तिसऱ्या बदलाला वरिष्ठांची लेखी मंजुरी लागावी. यासाठी नवा कायदा नको, आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे.

आपली विश्वासू,
एक बाल-समुपदेशक