टेलिग्रामच्या संदेशातील ठळक अक्षरे जागेवर आणणाऱ्या ताईंस

माननीय ताई,
सस्नेह नमस्कार.

आपले नाव कोठेही लिहू नये, असे आपण कळवले होते, म्हणून हे आभारपत्र नावाविनाच लिहितो. हर्णै बंदरातील मासळीचे भाव टेलिग्रामवरून आपोआप पाठवणारा आमचा लहानसा प्रोग्राम, म्हणजे बॉट, आपण देखभाल करीत असलेल्या पायथन लायब्ररीवर (पायथन या संगणकभाषेतील तयार कोडच्या संचावर) चालतो. तिच्यातील मजकूर उलगडणारा भाग आपण दुरुस्त केल्यापासून आमच्या भावपत्रकातील ठळक अक्षरे हवी तिथेच उमटतात. भर उन्हात, ओल्या हातांनी फोन पाहणाऱ्या विक्रेत्या मावश्यांना मासळीचे नाव चटकन दिसावे, एवढ्यासाठीच तो ठळकपणा असतो. तो सरकला की पत्रक वाचणे जिकिरीचे होते.

आणि तो सरकतही होता विचित्र रीतीने. प्रत्येक ओळीच्या आरंभी आम्ही माशाचे चित्र घालतो. पहिल्या ओळीत ‘बांगडा’मधला शेवटचा काना ठळकपणातून सुटे, दुसऱ्या ओळीत ‘सुरमई’मधले ‘सुर’ ठळक आणि ‘मई’ साधे राही, आणि खालच्या ओळींत तर नाव सोडून त्याच्या अलीकडचाच मजकूर ठळक होई. नांगराचे चिन्ह असलेल्या सूचना मात्र बिनचूक जात. मराठी लिहिले की असे व्हायचेच, असे सांगून इतरांनी आमची बोळवण केली होती. आपण मात्र मूळ संदेश जसाच्या तसा मागवून घेतलात आणि त्यातील एकेका चिन्हाखाली त्याची मोजणी मांडून पाठवलीत.

त्या तक्त्यात सगळे उत्तर होते. टेलिग्राम मजकूर आणि त्याचे रूप वेगवेगळे ठेवते: ठळक, तिरपे, दुवा अशा प्रत्येक भागासाठी त्याचा आरंभ आणि लांबी हे दोन आकडे असतात, आणि ते यूटीएफ-१६ या, अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीच्या एककांत मोजायचे असतात. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा, हलन्त या मोजणीत एकच एकक घेतो आणि नांगराचे चिन्हही एकच. माशाचे चित्र मात्र दोन घेते. पायथन त्यालाही एकच मोजते, म्हणून प्रत्येक माशामागे आकडा एकाने कमी पडत होता. मराठी बिचारी निर्दोष होती! आरंभ आणि लांबी मोजण्याआधी मजकूर यूटीएफ-१६मध्ये बदलावा, त्याचे बाइट मोजावेत आणि ती संख्या निम्मी करून आकडे द्यावेत, ही आपली दुरुस्ती जेमतेम काही ओळींची आहे, पण ती नेमक्या जागी आहे.

दुसरा सल्लाही तितकाच मोलाचा ठरला. मजकुरातच खुणा घालून तो ठळक-तिरपा करण्याच्या मार्कडाउन पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत टिंब, आडवी रेघ, कंस, उद्गारचिन्ह अशा १८ चिन्हांच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, आणि आमच्या पत्रकात तर ‘४२०.५०’ किंवा ‘हलवा (मोठा)’ असे काही ना काही रोजच येते. एक टिंब राहून गेले तरी सर्व्हर सबंध संदेश नाकारतो आणि लिलाव सुरू झाला तरी भाव पोहोचत नाहीत. एचटीएमएल या खुणांच्या दुसऱ्या पद्धतीत तीनच चिन्हे सांभाळावी लागतात, हे आपण सांगितलेत, पण तिथे न थांबता खुणा मजकुरात घालूच नयेत, मजकूर साधा ठेवून रूपाचे आकडे स्वतंत्र पाठवावेत, असे सुचवलेत. आम्ही तसेच केले. आता कोणी होडीच्या नावात अधोरेषा लिहिली तरी काही बिघडत नाही. (लोक होडीच्या नावात काय काय लिहितात, ते पाहायला आपण एकदा बंदरावर यावेच.)

हे सारे आपण नोकरी सांभाळून, एका पैशाची अपेक्षा न ठेवता केलेत आणि आमच्या अर्धवट प्रश्नांनाही पूर्ण उत्तरे दिलीत, याबद्दल आम्ही सर्वजण आपले मनःपूर्वक आभारी आहोत. लायब्ररीच्या चाचण्यांत आपण ‘बांगडा’ आणि ‘सुरमई’ ही नावे घातल्याचे पाहून इथे सर्वांना फार आनंद झाला. जोडाक्षरांच्या चाचणीसाठी आणखी शब्द हवे असल्यास जरूर कळवावे. होड्यांच्या नावांची यादी आम्ही तयार ठेवली आहे.

आपला नम्र,
हर्णै बंदरातील भावपत्रक चालवणारा एक कार्यकर्ता