फौजीकाकांना अनावृत पत्र: वायपर शाबूत आहेत

आदरणीय फौजीकाका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, मध्येच थांबवायला तुम्हाला वाव नको. तुमचं नाव, गॅरेजचा पत्ता घालत नाही. ज्यांच्या गाड्या तुमच्या हाताखालून गेल्यात त्यांना कळेलच.

मनालीला गाडी घेऊन जायचं ठरलं तेव्हा सल्ले द्यायला आमची अख्खी बाळीवेस पेठ गोळा झाली होती. स्वेटर किती, थर्मल कुठलं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी किती दिवस टिकेल. सासूबाईंना डोळ्यांदेखत बर्फ बघायचा होता आणि विमानात बसायची त्यांची तयारी नव्हती. रस्त्याची काळजी नव्हती. आपल्या सोलापुरातून जाणारा ५२ नंबरचा हायवे तुळजापूर, बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत थेट पंजाबात संगरूरला टेकतो, म्हणजे निम्म्याहून जास्त वाट घरचीच. टायर, ब्रेक, बॅटरी सगळं तपासून झालं होतं. तुम्ही मात्र बोनेट उघडायच्या आधी वायपर उचललात, रबरावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "पोरी, हे रबर कुठलं? हे तर पापड झालंय."

आपल्याकडे वायपर जून ते सप्टेंबर आठवतो. बाकीचे आठ महिने तो काचेवर पडून ऊन खातो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, खाली तापलेली काच, वरून धूळ. रबर कडक होतं, कडेला बारीक चिरा जातात. जे रबर सोलापुरात पावसाचं पाणी जेमतेम पुसतं, ते थंडीत आणखी कडक होणार, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रबराची कड प्रत्येक फेरीला एकदा इकडे, एकदा तिकडे कलंडते, तेव्हा कुठे पाणी निपटलं जातं. कड ताठ झाली की ती कलंडत नाही, काचेवर थडथडत जाते आणि मागे पट्टे सोडते. तुम्ही जुनी ब्लेड काढून सांगाड्याची नव्हे, अख्खी एकसंध चपटी ब्लेड लावलीत. सांगाड्याच्या ब्लेडला चिमटे आणि सांधे असतात, त्यांत बर्फ भरून गोठला की ब्लेड वाकत नाही आणि काचेचा गोलवा सोडून मधेच अधांतरी राहतं. नेमकं ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर.

ही माहिती कुणीही देऊ शकलं असतं, असं आमचे हे म्हणतात. मला पटत नाही. "हे करा, ते करू नका" सांगणारे शेकड्यांनी भेटतात. तुम्ही अख्खी दुपार घालवून वायपरची मोटर आत कशी चालते ते उघडून दाखवलंत. लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, लेह-द्रासकडे गाड्या सांभाळलेल्या माणसाने होटगी रोडच्या उन्हात बसून बर्फाचा वर्ग घ्यावा, हे बघायला शेजारचा पंक्चरवालाही येऊन उभा राहिला होता.

मोटरचा तो भाग तर मी आता कुणालाही समजावून सांगू शकते. वायपर बंद केला तरी तो जागच्या जागी थांबत नाही, खाली आपल्या जागेवर जाऊन थांबतो. मोटरच्या आत एक फिरती पट्टी असते आणि ती जागा येईपर्यंत करंट चालू ठेवते. पण वायपर चालू असतानाच चावी काढली तर तो काचेच्या मध्यावर अडकतो. रात्री तिथेच गोठतो. सकाळी चावी फिरवली की मोटर त्याला खाली ओढायला बघते आणि तो काचेला चिकटलेला. रबर आणि काच यांच्यातल्या पाण्याचा पातळ थर गोठला तरी तेवढं पुरतं. मोटर हरली आणि फ्यूज उडाला तर स्वस्तात सुटलो. ती हरली नाही तर आतल्या दांड्यांचा सांधा निसटतो, नाहीतर आर्मचे, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या हाताचे, दाते झिजतात. म्हणून आधी वायपर बंद, तो खाली बसलेला डोळ्यांनी बघायचा, मग चावी. आणि सकाळी स्टार्ट करण्याआधी वायपरचा स्विच बंदवर आहे ना बघायचं. पाऊस ओळखून आपोआप चालणारा वायपर असेल तर ते ऑटोही बंद. हा क्रम मी डॅशबोर्डवर चिकटवला होता. सासूबाई रोज रात्री आरतीनंतर तो मोठ्याने वाचायच्या.

वॉशरच्या टाकीतलं पाणीही तुम्हीच काढायला लावलंत. आपण तिथे नळाचं पाणी आणि वर दोन थेंब शाम्पू घालतो. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि टाकी, पंप, नळी यांपैकी जे नाजूक असेल ते फोडतं. मग स्पिरीटवालं न गोठणारं वॉशर लिक्विड शोधायला निघालो. सोलापुरात ते मागितल्यावर एका दुकानदाराने आम्हाला इतकं निरखून बघितलं की विचारू नका. दुसऱ्याने सरळ कूलंटचा डबा पुढे केला, "हे पण गोठत नाही की." तुम्ही आधीच बजावलं होतं म्हणून घेतला नाही. कूलंट काचेवर तेलकट ओघळतं, पुढचं काही दिसत नाही, आणि ते विषारी. त्याची जागा रेडिएटरमध्ये. तिथे मात्र नुसतं पाणी चालणार नाही म्हणून तुम्ही ते निम्मं-निम्मं करून दिलंत. आमची गाडी पेट्रोलची, म्हणून डिझेल कसं घट्ट होतं हा धडा दोन वाक्यांत उरकलात. शेजारच्या पंक्चरवाल्याची निराशा झाली.

आता तिथे काय झालं ते सांगते, कारण फोनवर तुम्ही "बरं, बरं" एवढंच म्हणालात.

मनालीत पहिल्या सकाळी काच पांढरीशुभ्र. हॉटेलचा पोऱ्या केटली घेऊन धावत आला. तुम्ही सांगितलंच होतं, "गरम पाणी घेऊन कोणीतरी येतंच, त्याला आधी धरा." त्याला धरला. पुढची काच दोन काचांची असते, मधे प्लास्टिकचा थर. बाहेरची एकदम तापून फुगते, आतली गारच राहते. त्यात आमच्या काचेला धुळ्याच्या अलीकडे ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीचा टवका होता, तिथून तडा जायला किती वेळ लागणार? गाडी चालू केली, हवा काचेवर, एसीही चालू म्हणजे आतली हवा कोरडी, बाहेरची हवा आत घ्यायचं बटण. बर्फ सैल होईपर्यंत थांबलो, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. वायपर सगळ्यात शेवटी, आणि तोही हाताने हलवून मोकळा आहे ना बघितल्यावर.

त्याच अंगणात गुजरातची एक गाडी उभी होती. त्यांनी चावी फिरवली, वायपर आदल्या संध्याकाळी चालूच राहिला होता. टक् असा आवाज. मोटर गुणगुणते, ड्रायव्हरच्या बाजूचा आर्म मेल्यासारखा पडलेला. फौजीकाका, तुम्ही डिकीत टाकून दिलेला पाना तेव्हा बाहेर आला. आर्मच्या बुडाचं टोपण काढलं, नट ढिला होता. आर्म मऊ धातूचा, खालची दांडी पोलादी, म्हणून झिजायचं ते आर्मचेच दाते झिजतात हे माहीत होतं. नशिबाने थोडेच गेले होते. जुन्या टूथब्रशने साफ केले, मोटर आधी तिच्या जागेवर आणून थांबवली, मग आर्म बरोबर खाली बसवून नट आवळला. हा क्रम उलटा झाला असता तर वायपर काचेच्या बाहेर जाऊन कडेच्या खांबाला आपटला असता. तुम्ही हे मला शिकवलंच नव्हतं. मोटर कुठे थांबते ते कळलं होतं, म्हणून पुढचं सुचलं. त्या गृहस्थांनी विचारलं, "बहनजी, आप मैकेनिक हैं?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नही, सोलापूर के है." त्यांना ते पुरेसं उत्तर वाटलं.

अटल बोगद्याच्या पलीकडे आमची गाडी गेली नाही. त्या दिवशी पोलीस फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्या, सोडत होते, म्हणून तिथली टॅक्सी केली. नऊ किलोमीटरचा बोगदा, २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालेला. अलीकडे देवदार, पलीकडे सगळं पांढरं. सासूबाई सिस्सूला बर्फात बसल्या त्या उठेनात. त्यावर वेगळं पत्र होईल.

खरी परीक्षा कुल्लूहून मनालीला परतताना वाटेतल्या पतलीकुहलच्या पुढे झाली. दुपार, भुरभुरणारा बर्फ, वायपर चालू आणि तरी काच हळूहळू धूसर. वायपर खाली पूर्ण जागेवर येईना, बोटभर वरच थांबून परत फिरे, दर फेरीला जरा जास्त वर. एका ढाब्यासमोर गाडी घेतली आणि तुम्हाला फोन लावला. तुमच्या मागे "हर बोला हर" चालू होतं. तुम्ही आपल्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत, नातवाला खांद्यावर घेऊन नंदीध्वज दाखवत होता, आणि तसेच एका कानात बोट घालून आमच्याशी बोललात. "काचेच्या बुडाशी बघ. वायपरने ढकललेला बर्फ तिथेच दाबून दगड झाला असंल. चावी काढ, मगच हात घाल." होता तसाच दगड. काढला. तिथेच हीटरची हवा आत घ्यायची जाळी असते, ती बुजल्याने काचही आतून धुरकट होत होती. दोन्ही दुखणी एका जागी. वर्षातून एकदाचा तो सोहळा सोडून तुम्ही आमच्या वायपरसाठी बाजूला गेलात. या पत्राचं मूळ कारण हेच आहे.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही, तेही सांगून टाकते. रात्री वायपर उचलून ठेवा म्हणालात. पहिल्या रात्री ठेवले. पण तिथे वारं असं सुटलं की एखादा आर्म काचेवर आपटेल असं वाटायला लागलं, आणि टवका तर होताच. मग पुढच्या रात्री वायपर खालीच ठेवून काचेवर प्लास्टिकची ताडपत्री टाकली, कडा दारात अडकवल्या. सासूबाई सोलापुरी चादर द्यायला निघाल्या होत्या. सुती कापड ओल पितं आणि काचेलाच चिकटून गोठतं, हे तुमचंच वाक्य त्यांना ऐकवलं. चादर पांघरायच्या कामी आली. माझ्या मते वाऱ्याच्या जागी ताडपत्री बरी, वारा नसेल तर वायपर उचललेले बरे. तुमचं मत वेगळं असेल तर भांडायला येते.

लेकीने परतीच्या वाटेत शोधून काढलेलं एक सांगायचं राहिलं. वायपर मुळात बर्फातच सुचलेला आहे म्हणे. अमेरिकेत अलाबामाच्या मेरी अँडरसन नावाच्या बाई थंडीत न्यू यॉर्कला गेल्या होत्या, तिथे ट्रामचा चालक गारठ्यात काच उघडून रस्ता बघत होता. त्यावरून त्यांनी आतून हाताने फिरवायचा वायपर काढला आणि १९०३ च्या नोव्हेंबरात पेटंट मिळवलं. कुणी विकत घेतलं नाही. कॅनडातल्या एका कंपनीने तर याला काही किंमत नाही असं कळवलं. आपण सोलापूरकर त्याला पावसाळी वस्तू समजून बसलोय. तुमच्या गॅरेजच्या भिंतीवर त्या बाईंचा फोटो लावायला लेक तयार आहे, परवानगी द्या.

टाकीत अजून ते मनालीचं वॉशर लिक्विड शिल्लक आहे, इथल्या उन्हात ते ठेवायचं की काढायचं ते सांगा. काचेचा टवका वाढलेला नाही, पण भरून घ्यायचा आहे. गाडी घेऊन पाडव्याच्या आधी येते. मागच्या वेळी तुम्ही फक्त ब्लेडचे पैसे घेतलेत. या वेळी मजुरी घेतल्याशिवाय मी गाडी तिथून हलवणार नाही, आणि सासूबाई बरोबर आहेत.

आपली,
तुमची पोरगी, पांढऱ्या गाडीवाली
बाळीवेस, सोलापूर