आई-बाबा, त्या जाळीवाल्या फोटोबद्दल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

वहिनीने ग्रुपवर तो फोटो टाकला आणि तेव्हापासून आई तू फोनवर फक्त "हं" आणि "बरं" एवढंच बोलतेयस, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढावं. फोनवर मध्येच बाबा घेतात, मग धाकटा घेतो, आणि जे बोलायचं ते राहून जातं. दिवाळीला यायला रजा नाही म्हणणारी पोरगी ओढ्यात जाळी धरून दात काढत उभी आहे, असंच वाटलं असणार ना तुला? वाटणारच. मलाही वाटलं असतं.

पण आई, तो एक शनिवार होता. घरापासून गाडीने अर्धा तास. सकाळी गेलो, दुपारी परत. त्यासाठी रजा घ्यावी लागत नाही. दिवाळीला यायचं म्हणजे जाण्यायेण्यातच चार दिवस जातात, रजा मिळतेय आठवड्याची, थोरलीचं हे शाळेचं वर्ष असं की दोन दिवस बुडाले तरी मेल येतात, आणि त्या आठवडाभरात अर्धा वेळ आम्ही जेट लॅगने झोपलेले आणि अर्धा वेळ तू चकल्या तळत स्वयंपाकघरात. त्यापेक्षा जूनमध्ये येतो, पोरांना सुट्टी असते, महिनाभर तरी राहता येईल, आरामात. हे ठरलंय, तिकिटंसुद्धा काढली. विचारून काढायला हवी होती म्हणशील, पण विचारलं असतं तर तू "तुमच्या सोयीने बघा गं" म्हणाली असतीस आणि मी महिनाभर त्याचा अर्थ लावत बसले असते.

आता त्या फोटोतलं. आधी तुझी काळजी मिटवते. मी भिजले नव्हते. ती जी खाकी पिशवीसारखी दिसतेय ती छातीपर्यंत येणारी रबरी विजार आहे, बूट तिलाच चिकटलेले असतात, आत लोकरीचे मोजे, वर स्वेटर. पाणी गुडघ्याच्या जरा वर. थर्मासमध्ये आलं घातलेला चहा होता, डब्यात पोहे होते, आणि हो, दाणे घातले होते. पोरं काठावरच होती, त्यांना पाण्यात उतरायचं म्हणून रडली, शेवटी घोट्याएवढ्या पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी कोणाला शिंकसुद्धा आली नाही.

बाबा, पुढचं मुख्यतः तुमच्यासाठी. चष्मा अजून नवीन नंबरचा नाही तर आईकडून वाचून घ्या, स्वतः फोन डोळ्याला लावून वाचू नका.

त्या ओढ्याचं नाव बिग डार्बी क्रीक. ओढा म्हणतात पण आपल्या उन्हाळ्यातल्या सावित्री नदीपेक्षा मोठाच असेल. आमच्या कोलंबसच्या पश्चिमेला शेतांमधून वाहत जातो आणि खाली सायोटो नदीला मिळतो. 1984 मध्ये ओहायो राज्याने याला 'सीनिक रिव्हर', म्हणजे जपून ठेवायची निसर्गरम्य नदी, ठरवलं आणि 1994 मध्ये अमेरिकेने देशपातळीवर. म्हणजे आपल्या वाळण कोंडीच्या देवाच्या माशांच्या डोहासारखंच थोडंफार, फक्त तिथे वरदायिनी देवी राखते आणि इथे कायदा राखतो. कोण जास्त चांगलं राखतं यावर तुम्ही आणि दादा वाद घाला, मला माझं मत आहे. आपल्याकडे चुरमुरे टाकले की मासे हाताला येतात आणि तरी कोणी एक उचलत नाही, आणि इथे एवढे बोर्ड लावूनही वरच्या अंगाला कॉलनीमागून कॉलनी उभी राहतेय, त्या बांधकामाची माती वाहून येते आणि दगडांमधल्या फटी बुजतात. आणि या ओढ्याचं सगळं वैभव त्या फटींतच आहे.

तर आम्ही गेलो होतो ओढ्यातले मासे मोजायला, आणि ते धरायची पद्धत अशी. लांबट जाळी, दोन्ही टोकांना काठ्या. दोघांनी खळाळत्या पाण्यात ती आडवी धरायची, खालची कड तळाला घट्ट, आणि तिसऱ्याने वरच्या बाजूने दगड पायाने हलवत, नाचत जाळीकडे यायचं. मग एकदम उचलायची. बाबा, मी खरंच तिथे मोठ्याने हसले, कारण हे तर आजीचं लुगडं! वहाळात मी एक टोक, दादा दुसरं टोक, आणि तुम्ही वरून पाय आपटत "खाली दाब, खाली दाब" ओरडताय. इथेही एक आजोबा नेमके तेच ओरडत होते, इंग्लिशमध्ये. आई, ते हिरवं लुगडं कोणी फाडलं हे अजून कळलेलं नाही असं आपण सगळे धरून चालूया.

आणि जाळीत काय आलं! पहिल्यांदा मला फक्त पानं आणि खडे दिसले. शरद ऋतू, झाडं लाल पिवळी झालेली, सगळी पानं पाण्यात. मग एक पान हललं. डार्टर नावाचे मासे असतात, करंगळीएवढे, पोटात हवेची पिशवी नसल्यातच जमा, म्हणून बाकीच्या माशांसारखे तरंगत नाहीत, तळाला दगडावर पंख टेकून बसतात आणि टुणकन उडी मारून दुसऱ्या दगडावर जातात. त्यातला एक रेनबो डार्टर, निळे आणि केशरी पट्टे, वसंतात म्हणे याहून भडक असतो. मी त्याला काचेच्या छोट्या डब्यात धरून बघितलं आणि पहिला विचार आला तो "बाबांना दाखवायला हवा." या एका ओढ्यात माशांच्या शंभराच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात. हॉग सकर म्हणून एक येतो, तो डोक्याने दगड ढकलत किडे शोधतो आणि बाकीचे लहान मासे फुकट खायला त्याच्यामागे फिरतात. आमचे अमुक काका आठवले, नाव लिहीत नाही, आई ओळखेल.

शिंपल्यांच्याही चाळीसच्या वर जाती. त्यातली एक शिंपली बाबा, स्वतःच्या मांसाची झालर माशासारखी हलवते, मोठा मासा खायला आला की त्याच्या तोंडावर आपली पिल्लं सोडते, ती त्याच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग गळून पडतात. म्हणजे मासे गेले की शिंपल्याही गेल्या. धाकट्याला एक रिकामी शिंपली घरी आणायची होती, तर तीही न्यायची नाही, कायदा आहे. अर्धा तास भोकाड. शेवटी पॉपॉ नावाचं फळ दिलं त्याच्या हातात, ओढ्याकाठीच पिकतं, सीताफळाच्या घराण्यातलं, आत तसाच मऊ गर आणि काळ्या बिया. आई तुला आवडेल. मला जरा जास्तच गोड वाटलं.

आता तुझा प्रश्न, जो तू अजून विचारला नाहीयेस पण मला ऐकू येतोय: एवढं सगळं करून एकही मासा घरी नाही आणला? नाही आणला. मोजायचे, ओळखायचे, वहीत लिहायचे आणि परत पाण्यात सोडायचे. बरोबर परवाना असलेला माणूस होता, त्याच्या देखरेखीखालीच सगळं. तुला हे रिकामं काम वाटेल. पण ऐक. या ओढ्यात एक बोटाएवढा मासा होता, सायोटो मॅडटॉम, आपल्या शिंगटीच्याच जातकुळीतला, मिशा असलेला, काट्याने डंख करणारा. जगात दुसरीकडे कुठेच नाही, फक्त इथे. आजवर एकूण 18 सापडले. शेवटचा 1957 मध्ये. नंतर लोकांनी खूप शोधलं आणि 2023 मध्ये सरकारने तो संपला असं जाहीर केलं. हे सगळं माहितीय कशामुळे, तर कोणीतरी जाळी घेऊन उतरलं होतं आणि वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून. बाबा, तुम्ही लहानपणी पऱ्ह्यात जे मासे बघितलेत त्यातले कितीतरी मी कधी बघितलेच नाहीत, फक्त तुमच्या तोंडून नावं ऐकलीत. ती कोणी लिहून ठेवलीयत का? म्हणून एक काम देतेय तुम्हाला. डोळ्याचं बरं झालं की रोज संध्याकाळी थोडं थोडं, आठवतील तेवढे मासे, कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, पाग टाकून की गरीने, सगळं. लिहायचा कंटाळा आला तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा, दादा शिकवेल. थोरली त्याची वही करणार आहे, तिने आधीच मला सांगून टाकलंय.

आणि जूनच का, हेही आता कळलं असेल. पहिला जोराचा पाऊस, वलगण चढायची वेळ. पोरांनी ते बघितलेलंच नाही. दिवाळी त्यांनी इथेही बघितलीय, मोठ्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या पणत्या लावून का होईना. मासे उलटे चढताना इथे कुठून दाखवू? पण मला माहितीय आई, तुझी दिवाळी सुनी जाणार. दादा-वहिनी येतायत, पोरं असतील, पहाटे मी व्हिडिओ कॉल लावते, उटणं लावायच्या आधीच, तेव्हा इथे आदली संध्याकाळ असेल. फराळ कुरिअरने पाठवू नकोस. पाठवणारच असशील तर फक्त कडबोळी.

आता नियम, दोघांनीही ऐका. बाबा, डोळ्याचे ड्रॉप्स डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू, "आता दिसतंय की" हे कारण चालणार नाही. घाटाच्या पायऱ्यांवर अजिबात जायचं नाही, शेवाळ असतं, गरी दादाकडे देऊन ठेवा. रागावू नका, जूनमध्ये मी स्वतः तुम्हाला हाताला धरून नेते, पण तोपर्यंत नाही. आई, बीपी आठवड्यातून दोनदा मोजून ग्रुपवर टाक, गोळी संपायच्या आठ दिवस आधी सांग, संपल्यावर नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला माणूस येईल, पैसे दिलेत, त्याला चहा देऊन परत पाठवू नकोस. आणि 2021 च्या पुरानंतर ठरलंय ना, खालच्या खोलीत काही ठेवायचं नाही? मग शिलाई मशीन परत खाली कसं आलं? वहिनीने सांगितलं नाही, मागे दिसत होतं कॉलवर. जून यायच्या आत ते वर गेलं पाहिजे, आणि तुम्ही दोघांनी उचलायचं नाही, शेजारच्या पोराला सांगा.

तुमची,
बबडी