पीएच.डी.ला सहा वर्षे, फेलोशिप पाचच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारतात तयार झालेल्या कार-टी उपचारावरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचे आणि वाढवून पुन्हा शरीरात सोडायच्या, हे इतक्या सोप्या भाषेत मी प्रथमच वाचले. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातला असा पहिला उपचार झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावाने या उपचाराला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ही सगळी माहिती लेखात आहे. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात हा उपचार इथे होऊ लागला, याचा अभिमान मलाही आहे. पण लेखात डॉक्टर होते, रुग्ण होते, प्राध्यापक होते, पीएच.डी. करणारी मुले कुठेच नव्हती. असा कोणताही शोध दवाखान्यात पोहोचण्याआधी कित्येक वर्षे या मुलांच्या हातांखालून जातो. म्हणून हे पत्र.

मी कराडची निवृत्त विज्ञान शिक्षिका. माझी मुलगी मुंबई परिसरातल्या एका संस्थेत कर्करोगाच्या रोगप्रतिकारशास्त्रात पीएच.डी. करते आहे. सहावे वर्ष सुरू आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका संस्थेपुरते नाही.

तिचा विषय तोंडाचा कर्करोग. आमच्या भागात बायका अजूनही सकाळी दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावतात. शाळेत येणाऱ्या मुलींच्या बोटांना ती काळी पूड लागलेली मी कितीतरी वर्षे पाहिली आहे. आई लावते म्हणून लेकही लावते. हिरडी आणि गालाच्या आतल्या बाजूचा हा कर्करोग तंबाखू तोंडात धरून ठेवण्याच्या सवयीतून येतो आणि तो आपल्याकडचा मोठा रोग आहे. जगातल्या देशांनी एकत्र येऊन कर्करोगांच्या जनुकांचा नकाशा काढायचे ठरवले, तेव्हा भारताने याच कर्करोगाचे काम अंगावर घेतले आणि ते ॲक्ट्रेक व पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेने केले. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या प्रयोगशाळेला मिश्रीची निकड कशी वाटणार? हा रोग आपल्याच मुलांनी अभ्यासायचा आहे.

हे काम चालते कसे, ते लोकांना माहीत नाही. शेजारीपाजारी मला विचारतात, "अजून शिकतेच आहे का?" कॉलेजात बसून पुस्तके वाचायची, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात रुग्णाची गाठ काढली की ऑपरेशन थिएटरमधून फोन येतो. वाटाण्याएवढा तुकडा थंड द्रावणात, बर्फाच्या डब्यातून आणायचा. काही तासांत तो हाताळला नाही तर आतल्या पेशी मरतात आणि ज्या माणसाने संमतीपत्रावर सही करून तो दिला त्याचे देणे वाया जाते. गेल्या वर्षी गौरी जेवणाला घरी यायला निघालेली माझी मुलगी फोन आला म्हणून पनवेलहून परत फिरली. तुकडा बारीक चिरायचा, विकर घालून पेशी सुट्या करायच्या, निरनिराळ्या पेशींना निरनिराळ्या रंगांच्या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीजच्या) खुणा लावायच्या आणि फ्लो सायटोमीटरमधून एकेक पेशी मोजायची. यंत्र सगळ्या विभागांत मिळून एक, त्यामुळे वेळ मिळतो तो बहुतेक रात्रीचा.

तिला शोधायचे आहे ते असे. गाठीच्या आत रोगप्रतिकारक पेशी पोहोचलेल्या असतात, तरी त्या गप्प का बसतात? या पेशींना ब्रेक असतात आणि तो ब्रेक काढला की त्या कर्करोगावर तुटून पडू शकतात, हे दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. २०२५चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी शिमोन साकागुची यांची गोष्ट मुलीने मला फोनवर सांगितली, ती मी विसरणार नाही. रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात, या कल्पनेवरचा बहुतेक शास्त्रज्ञांचा विश्वास उडाला होता. साकागुचींनी ती सोडली नाही. १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशींची ओळखखूण दाखवली आणि नोबेल आले त्यानंतर तीस वर्षांनी. आवर घालणाऱ्या त्याच पेशी गाठीत गर्दी करून कर्करोगाला पाठीशी घालतात. माझ्या मुलीचा थिसिस त्यांच्यावरच आहे.

आता वर्षांचा हिशेब मांडते. पहिले वर्ष कोर्सवर्कचे आणि हात बसण्याचे. दुसऱ्या वर्षी नैतिक समित्यांच्या परवानग्या, रुग्णांच्या नमुन्यांसाठी वेगळी आणि उंदरांसाठी वेगळी. परवानगी आली की उंदरांची पैदास. हवे तेवढे, हव्या त्या वयाचे उंदीर मिळायला महिने जातात, आणि उंदरात गाठ किती दिवसांत वाढेल हे कुणाच्या हातात नसते. प्रतिपिंडे परदेशातून येतात. वाटेत थंडावा टिकला नाही तर कुपी फेकायची आणि पुन्हा मागवायची. मुलीच्या तिसऱ्या वर्षी इनक्युबेटरला बुरशी लागली आणि चार महिने वाढवलेले पेशींचे कल्चर एका दिवसात नष्ट करावे लागले. चूक कुणाचीच नव्हती, या कामात असे होते. खरे निष्कर्ष हाती लागायला लागले ते पाचव्या वर्षी. आणि तिथेच पैसे थांबले.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२चा नियम पीएच.डी.साठी कमाल सहा वर्षे देतो. पुन्हा नोंदणी केली तर आणखी दोन, आणि महिला व दिव्यांग उमेदवारांना त्यावरही दोन. नियम समजूतदार आहे. नेटसारख्या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी फेलोशिप मात्र पाच वर्षांनी संपते: दोन वर्षे कनिष्ठ, तीन वर्षे वरिष्ठ. १ जानेवारी २०२३ पासूनचे दर धरले तर कनिष्ठला महिना ३७ हजार आणि वरिष्ठला ४२ हजार. पाच वर्षांची बेरीज, घरभाडे भत्ता सोडून, बरोबर २४ लाख होते. सहाव्या वर्षाचे आणखी ५ लाख ४ हजार होतील. सरकार एका विद्यार्थ्यावर २४ लाख खर्च करते, प्रयोगांचा खर्च वेगळा, आणि पीक कापणीला आले असताना पाच लाखांसाठी शेत सोडून देते. हे मला कितीही विचार केला तरी पटत नाही.

आम्ही दोघे पेन्शनर. महिन्याला पंधरा हजार पाठवतो, बाकी ती शिकवण्या करून भागवते. म्हणजे जे तास प्रयोगशाळेत जायला हवेत ते शिकवण्यांत जातात. आमचे निभते. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे निभले नाही. तो मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, धाकट्या बहिणीचे लग्न अंगावर. फेलोशिप संपल्यावर तीन महिने त्याने मित्रांकडून उसने घेऊन काढले आणि मग एका कंपनीत विक्रीच्या नोकरीला लागला. त्याने जमवलेले रुग्णांचे नमुने अजून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये आहेत, डब्यांवर त्याच्या अक्षरातली लेबले आहेत. थिसिस लिहायचा राहिला. मुलीने हे सांगितले त्या रात्री मला झोप लागली नाही.

फेलोशिप चालू असतानाही ती वेळेवर येत नाही, हा दुसरा त्रास. एकदा सलग चार महिने खात्यात काही जमा झाले नाही. फोन केला की "प्रक्रियेत आहे" एवढेच उत्तर. मेसवाला आणि घरमालक प्रक्रिया ऐकून घेत नाहीत.

पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला काम केले आणि परत येऊन परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभी केली. वर्गात मी मुलींना त्यांच्याविषयी आवर्जून सांगत असे. माझी लेक त्याच वर्गात बसत होती. त्यामुळे तिने हा रस्ता धरला यात माझाही वाटा आहे, आणि म्हणूनच गप्प बसवत नाही.

मागणी मोठी नाही. पाचव्या वर्षाच्या शेवटी, नाहीतरी दरवर्षी जी समिती विद्यार्थ्याच्या कामाचा आढावा घेते, तिने काम पाहावे आणि ते पूर्णत्वाला जाणारे असेल तर सहाव्या वर्षाची फेलोशिप मंजूर करावी. सरसकट नको. रुग्णांचे नमुने आणि प्राणी यांवर ज्यांचे काम अवलंबून आहे, अशा विषयांपासून सुरुवात झाली तरी चालेल. आणि फेलोशिप पगारासारखी ठरलेल्या तारखेला जमा व्हावी. केंद्राने करायला वेळ लावला तर कर्करोगावर काम करणाऱ्या मुलांसाठी राज्य सरकारने हे सहावे वर्ष उचलावे. २०२२ मध्ये देशात कर्करोगाचे १४ लाखांवर नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी पुढचे उपचार शोधणारी माणसे आज याच टेबलांवर आहेत.

आपल्याला एक विनंती. पुढच्या लेखासाठी आपला बातमीदार शनिवारी रात्री अकरा वाजता कोणत्याही कर्करोग संशोधन संस्थेच्या फ्लो सायटोमीटरच्या खोलीत पाठवा. तिथे बसलेल्या मुलांना दोनच प्रश्न विचारायला सांगा: पीएच.डी.चे कितवे वर्ष, आणि फेलोशिप कोणत्या महिन्यात संपली.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड